तीन बोटांची दुनळी

दादा, टोकावड्याची ती दुनळी बंदूक मंगळवारी परत आली. जिच्या नळीवर कुंकवाच्या तीन बोटांचे डाग होते आणि जी मी सतराव्या वर्षी घासून चकाचक करून ठेवली होती, तीच. एकोणचाळीस वर्षांनी. दुकान अजून शहापूरच्या बाजारात त्याच बोळात आहे. पाटीवर तुमच्या नावाखाली आता माझं नाव आलंय, आणि ‘बंदूक दुरुस्ती’च्या पुढे ‘व मूल्यांकन’ असं मी वाढवून घेतलंय. तुम्ही म्हणाला असतात, एवढा जड शब्द कशाला, गिऱ्हाईक दारातून मागे फिरेल. फिरत नाही. उलट हल्ली दुरुस्ती कमी आणि हेच काम जास्त. रानडुकरांवर बार काढणारी माणसं थकली, आणि आजोबा-पणजोबांच्या विलायती बंदुका कपाटांतून बाहेर यायला लागल्या. पुण्या-मुंबईचे हौशी लोक त्या जुन्या म्हणूनच घेतात, पण घेण्याआधी विचारतात, हिच्यात मूळचं किती आणि मागाहूनचं किती. ते सांगणं माझं काम. म्हणजे बाप म्हणून तुम्ही जे मला फुकट शिकवलंत, त्याचे मी आता पैसे घेते.

बंदूक घेऊन आली ती तिच्या तेव्हाच्या मालकाची, टोकावड्याच्या त्या म्हाताऱ्या आजोबांची सून. पन्नाशीची बाई, नऊवारी नाही आता, साधी पाचवारी, पायात रबरी चपला, आणि परवान्याचं पुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळलेलं. नवरा गेल्यावर परवाना तिने स्वतःच्या नावावर करून घेतलाय. टोकावड्याहून मुरबाड, मुरबाडहून शहापूर, अशी दोन गाड्या बदलून खांद्याला बंदूक लावून एकटी आली. म्हणाली, “ताई, आता ठेवायची नाय. घरात कोण चालवत नाय. दर निवडणुकीला पोलीस ठाण्यात जमा करा, निवडणूक झाली का परत आणा. माझं निम्मं आयुष्य तिला पोचवण्यात न् आणण्यात गेलं.” पुण्याचं एक गिऱ्हाईक तिला मिळालंय. त्याला विलायती दुनळ्यांचं वेड आहे. तो चांगली किंमत द्यायला तयार आहे, पण त्याची अट एकच: दाखल्यावर ‘नळ्यांच्या मूळ रंगासहित’ असं लिहिलेलं पाहिजे. त्या पैशांत हिला नवा पॉवर टिलर घ्यायचाय. बैल विकून दोन वर्षं झाली, भाताची लावणी दुसऱ्याच्या टिलरची वाट बघत उशिरा होते. हे सगळं तिने एका दमात सांगितलं आणि कव्हरची चेन उघडली. मी नंबर बघितलाच नाही. दस्त्याच्या लाकडातली ती जळक्या साखरेच्या रंगाची लाट दिसली, आणि ओळख पटली.

तुमचा क्रम मी आजही मोडत नाही. आधी बाहेरून, मग आतून, आणि हात सगळ्यात शेवटी. नळ्या सुट्या करून खालच्या आकड्यात करंगळी अडकवायची, लोंबत्या धरायच्या आणि बोटाच्या पेराने टिचकी मारायची. जोड पक्का असेल तर नाद घंटेसारखा रेंगाळतो, मधली पट्टी सुटली असेल तर फुटक्या मडक्यासारखा बद्द वाजतो. तोंडाशी दोन्ही नळ्या एकमेकींना टेकलेल्या हव्यात. फट दिसली की समजायचं, कुणीतरी करवत लावून आखूड केलीय. पेचांच्या खाचा बघायच्या. विलायती कारागीर त्या एका रेषेत बसवायचा, आणि एखादीचे ओठ फाटलेले असले तर तुम्ही म्हणायचात, “इथं घाईचा माणूस येऊन गेला गो.” नंबर तीन ठिकाणी जुळला पाहिजे. नळीच्या बुडाशी विलायती तपासणीचे ठसे पाहिजेत. आणि कोरलेल्या नावाच्या अक्षरांच्या कडा नखाला लागल्या पाहिजेत. भातसानगरच्या कॉलनीतले ते गृहस्थ आठवतात? मोठ्या तोऱ्यात एक बंदूक घेऊन आले होते, वर झोकदार इंग्रजी नाव. तुम्ही भिंग लावलंत, हसलात आणि म्हणालात, साहेब, कोरलेली फुलं शंभर वर्षांची आहेत आणि नाव गेल्या पावसाळ्यातलं. ते तरातरा निघून गेले आणि छत्री विसरले. ती छत्री आपण किती वर्षं वापरली.

घरी आई मला म्हणायची, “तुझ्या बापाला बायकोच्या तोंडापेक्षा बंदुकीचं तोंड जास्त ओळखीचं.” दस्त्याला लावायचं जवसाचं तेल आणि मेण तुम्ही तिच्याच चुलीवर, तिच्याच पळीने ढवळायचात. एकदा त्याच पळीने तिने आमटी वाढली आणि पहिला घास घेऊन तुम्ही म्हणालात, “आज आमटीला पॉलिश चांगलं आलंय.” आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तुम्ही नवी पळी आणलीत. ती तिने कधी तेलाला लावू दिली नाही, आणि जुनी दुकानात आली. ती पळी अजून इथेच आहे, वाइसच्या शिकंज्याशेजारी खिळ्याला लटकलेली. दांडा वाकलाय, पण मी मेण अजून तिच्यातच वितळवते. चुलीवर तुम्ही ढवळत असताना मी पाटावर बसून बघायचे, आणि तुम्ही म्हणायचात, तेल घाई करत नाही, लाकूड घाई करत नाही, घाई फक्त माणूस करतो. मला तेव्हा वाटायचं, ही नुसती बोलायची बात.

तर मी सतरा वर्षांची होते त्या साली, दसऱ्याला आठ दिवस होते. दसऱ्याच्या पूजेसाठी आजूबाजूच्या गावांतून बंदुका साफ करायला यायच्या, दुकान भरलेलं असायचं. टोकावड्याचे आजोबा त्यांची दुनळी देऊन गेले. त्यांच्या वडिलांना जंगल खात्यातल्या कुणा गोऱ्या साहेबाने जाताना दिलेली. त्यांच्या घरची रीत अशी की दसऱ्याला घरधन्याने कुंकू भिजवून तीन बोटं नळीवर ओढायची, दरवर्षी त्याच जागी, आणि नारळ फोडून त्याचं पाणी वर शिंपडायचं. नारळाचं पाणी आणि कुंकू, नळीचं लोखंड ते किती सोसणार. इतक्या दसऱ्यांनी तिथे तीन बोटांच्या आकाराचे खडबडीत डाग पडले होते. तुम्ही ठाण्याला परवान्याच्या कामाला गेला होतात. जाताना मला सांगितलं होतंत, फक्त चाप साफ कर आणि तेल दे. मला दहावी झाल्यापासून वाटत होतं की मला सगळं येतं. मी म्हटलं, दादांना चकित करू. पॉलिश पेपर काढला, आधी जाड, मग बारीक, आणि दुपारपर्यंत दोन्ही नळ्या आरशासारख्या केल्या. मग बाटलीतलं रंगाचं औषध फडक्याने चोळलं. काळ्याशार झाल्या नळ्या, आणि माझी नखंही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

तुम्ही संध्याकाळच्या गाडीने आलात. मी बंदूक फळीवर मध्यभागी मांडून ठेवली होती, सगळ्यात आधी दिसावी म्हणून. तुम्ही पिशवी खाली ठेवलीत, बंदूक उचललीत, नखाने नाव चाचपलंत, आणि स्टुलावर बसलात. मग विचारलंत, “अगो बाय, हे कोणी सांगितलं करायला?” मी म्हटलं, गंज होता, दादा. तुम्ही म्हणालात, “त्यांच्या दोन पिढ्यांची बोटं होती ती. आता ही नवी दिसते. नवी बंदूक त्यांच्याकडं नव्हती.” बस, एवढंच. मारलं असतं तर बरं झालं असतं, दोन दिवस गाल दुखला असता आणि विसरले असते. ते वाक्य मात्र मी अजून दुकानात येता-जाता ऐकते. त्या रात्री जेवताना तुम्ही नेहमीसारखी दुसऱ्यांदा आमटी मागितलीत, आणि मला त्याचाही राग आला.

आजोबा बंदूक न्यायला आले तेव्हा तुम्ही मला आतल्या खोलीत जायला सांगितलंत. पडद्यामागून मला तुमचा खालचा आवाज ऐकू येत होता, शब्द नाही. मग आईने चहा माझ्याच हातात दिला आणि बाहेर पाठवलं. आजोबा बंदुकीकडे बघत नव्हते. कप घेताना ते माझ्या नखांकडे बघत होते. नखं अजून काळी होती. त्यांनी बशीत चहा ओतला, फुंकला आणि म्हणाले, “काय बाय, शिकतेस ना?” मी मान हलवली आणि पळाले. त्यानंतर ते आपल्या दुकानात कधी आले नाहीत. मी हिशेब सरळ मांडला: तुम्ही त्यांना सांगितलंत की पोरीने वाट लावली, आणि गिऱ्हाईक तुटलं. दिवाळीत तुम्ही मला पितळी कड्याचं भिंग दिलंत. म्हणालात, “आधी बघ. बघून झालं का परत बघ. मग हात.” मी ते घेतलं, वापरलं, त्याच्यावर पोट भरलं. पण तुम्ही परक्या माणसासमोर माझं नाव घेतलंत, ही गाठ मनात राहिलीच. तुम्ही जाऊन बावीस वर्षं झाली, तरी सुटली नव्हती. मी तशी मनात धरून ठेवणारीच, आई म्हणायची ते खोटं नाही.

आता मंगळवारचं. सून समोर बाकड्यावर बसलेली. मी टिचकी मारली, नाद लांबला. तोंडं टेकलेली. पेच सरळ. नंबर तिन्हीकडे एकच. दस्ता मूळचा, त्याच्यावरची पकडीची जाळी हातांनी झिजलेली, कुणी पुन्हा कोरलेली नाही. बंदूक उघडायच्या चावीच्या खाली, जिथे बोट पोचत नाही तिथे, मूळ रंगाची निळी-तांबूस छटा अजून शिल्लक. आणि नळ्या. अक्षरं वापरलेल्या साबणावरच्या अक्षरांसारखी गुळगुळीत. माझा पॉलिश पेपर, माझी ती दुपार. पण दादा, डाव्या नळीवर भिंग धरलं, पुसलं आणि परत धरलं. तीन डाग होते. तीन बोटांचे, त्याच जागी, खडबडीत. मी विचारलं तर ती म्हणाली, “दसऱ्याचं ना ते? आधी सासरे ओढायचे, मग आमचे हे, आता मी ओढते. आमच्यात बाईनं ओढत नाय म्हणतात, पण मग ओढणार कोण?” मी पुसलेलं त्या घराने पुन्हा लिहिलं होतं. मला इतकं बरं वाटलं की मी उगाचच तिला चहा विचारला, नुकताच झाला असताना.

शेवटी दस्त्याची मागची, खांद्याला टेकणारी पट्टी. तुमची सवय मला माहीत होतीच. दुरुस्तीला आलेल्या बंदुकीची पट्टी काढून आतल्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलने लिहायचं की काय काम केलं, म्हणजे पुढचा कारागीर फसू नये. अशा तुमच्या कितीतरी ओळी मी वाचल्यात, ‘कमान बदलली’, ‘डावा घोडा भरून घेतला’. मी पेचकस लावला तेव्हा तीच म्हणाली, “आत तुमच्या वडलांचं लिवलेलं आहे. सासऱ्यांनी सांगितलेलं.” पट्टी निघाली. तुमचं अक्षर, तिरकं, शिरोरेघ अर्धीच. ‘चाप साफ. नळ्यांचा मूळ रंग माझ्या हातून गेला. घासायला नको होतं. पुढच्याने मूळ समजू नये.’ खाली तुमची सही. मी दोनदा वाचलं. परत बघ, असं तुम्हीच शिकवलंय म्हणून तिसऱ्यांदा वाचलं. माझ्या हातून, असंच होतं.

ती आपली सांगत होती. “सासरे म्हणायचे, दुसरा मिस्त्री असता तर म्हणला असता, बघा कशी नवी करून दिली, दोन पैसे जास्ती द्या. या माणसानं समोर बसवून कबूल केलं, माझ्याकडनं चुकलं. पैसं पण घेतलं नाय. म्हणून सांगून ठेवलेलं त्यांनी, बंदूक कधी काढायची झाली तर कागद शहापूरलाच करा.” मी विचारलं, मग ते परत आले का नाहीत? “अहो, त्याच सालात गुडघा गेला त्यांचा. मग मुरबाडला बाजाराच्या दिवशी कोण तरी साफ करून द्यायचा.” गुडघा, दादा. एकोणचाळीस वर्षं मी ज्याला तुटलेलं गिऱ्हाईक समजत होते, तो एका म्हाताऱ्याचा गुडघा होता.

मी तिला म्हटलं, मग तुम्हाला ठाऊकच आहे की रंग मूळचा नाही. मी तसं लिहून देऊ शकत नाही. ती थोडा वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसली. “मला वाटलं, इतकी वर्सं झाली, आता तोच मूळचा झाला असंल,” म्हणाली. मी म्हटलं, होत नाही तसा. “म्हंजे नवा टिलर नाय येणार.” नवा नाही येणार, मी म्हटलं. बाकी सगळं अस्सल आहे, ते मी ठासून लिहीन, किंमत चांगली येईल, पण त्याने मागितली तशी नाही. हे मी नळ्यांकडे बघत बोलले, कारण तिचा टिलर कोणी खाल्ला ते मला माहीत होतं. तिने उसासा टाकला आणि मग हसली. “चुलत दिराकडं एक जुना आहे, कधीपासून विकतोय. तोच घेऊ. चालतो चांगला, फक्त त्याच्यासारखाच बोंबलतो फार.” मी फी घेतली नाही. तिने आग्रह केला, मी हात मागे घेतला. तेव्हा ती म्हणाली, “वडलांवर गेलाय तुमी, ताई.”

तिथे सांगायला हवं होतं. शब्द ओठांवर आले होते: ते माझं काम, दादांचं नव्हे. सतराव्या वर्षी नाही सांगता आलं, छप्पन्नाव्या वर्षी यायला हरकत नव्हती. पण मी सांगितलं असतं तर तुमची ओळ खोटी ठरली असती, आणि त्या ओळीवर विसंबून तर ती दोन गाड्या बदलून आली होती. आणि खरं सांगू? मला ती ओळ हवी होती. तुम्ही माझं नाव घेतलं नव्हतंत, हे मला त्या लाकडावरच राहू द्यायचं होतं, जसंच्या तसं. मला त्या आजोबांचं बशीवर फुंकणं आठवलं, माझ्या काळ्या नखांकडे बघणं आठवलं. त्यांनाही कळलं होतं, दादा, त्याशिवाय ‘शिकतेस ना’ कशाला विचारतील? तरी घरी जाऊन त्यांनी तुमचंच नाव सांगितलं. तुम्ही दोघं म्हातारे एकाच माळेचे मणी.

मग दाखला लिहायला घेतला. नळ्या मूळ, लांबी मूळ, दस्ता मूळ, नंबर जुळतात. नळ्यांचा रंग मागाहूनचा, याच दुकानात चढवलेला. तीन डागांपुढे मी ‘घराण्याच्या पूजेच्या खुणा, घासू नयेत’ असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. पुण्याच्या माणसाचा काल फोन आला होता. रंगाचं ऐकून जरा कुरकुरला, मग डागांची हकीकत ऐकून म्हणाला, घेतो. ती मात्र दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय बंदूक देणार नाही म्हणते, शेवटची तीन बोटं तिला ओढायचीत. दाखल्यात तळाला एक रकाना असतो, ‘आतील लिखाण’. तिथे लिखाण मूळ की नंतरचं, आणि मजकूर विश्वासार्ह की नाही, एवढंच लिहायचं असतं. अक्षर तर तुमचंच, त्यात काय शंका. मजकुराचं मात्र या जगात फक्त मला ठाऊक होतं. मी भिंग खाली ठेवलं आणि लिहिलं, ‘मूळ. विश्वासार्ह.’ सही केली, शिक्का मारला, पट्टी परत बसवली आणि पेचाची खाच बाकीच्यांच्या रेषेत आणून थांबले.

हे पत्र भिंगाच्या खणात ठेवतेय, पोचवणार कुठे. इतक्या वर्षांत खोटा दाखला मी हा एकच दिला, दादा, आणि उद्या परत लिहायचा झाला तरी हेच लिहीन.